श्रेयांकांचे गणित आणि शिक्षणाचे श्रेय

बारावीचा निकाल लागला, की महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे दरवर्षी रांगा लागतात. रांगा जुन्याच आहेत. विद्यार्थ्यांच्या हातातला अर्ज मात्र बदलला आहे. एके काळी त्या अर्जावर कला, वाणिज्य की विज्ञान एवढे ठरवून तीन-चार विषयांची नावे लिहिली, की पुढच्या तीन वर्षांचा प्रश्न मिटत असे. आज त्याच अर्जावर 'मेजर' आहे, 'मायनर' आहे, 'ओपन इलेक्टिव्ह' आहे. कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांचे स्वतंत्र रकाने आहेत, आणि प्रत्येक रकान्यापुढे श्रेयांकांचा आकडा आहे. खिडकीशी पोहोचलेला विद्यार्थी विचारतो, "यांतले कोणते घेऊ?" खिडकीमागच्या लिपिकाजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते, आणि ते त्याने द्यावे ही अपेक्षाही रास्त नव्हे. कोणत्या विषयात जागा शिल्लक आहेत, एवढेच तो सांगू शकतो. विद्यार्थीही तेवढ्यावर समाधान मानतो आणि पावती घेऊन बाजूला होतो.

आजच्या पदवी-शिक्षणाचा सारा पेच या प्रश्नोत्तरात सामावलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या 'ऑनर्स' पदवीस किमान १६० श्रेयांक ठरले. महाराष्ट्रात ही रचना २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. या रचनेतील बहुतेक शब्द आणि बरीचशी कल्पना अमेरिकेतील 'लिबरल आर्ट्‌स' विद्यापीठांकडून आलेली आहे. उसनवारीत काही कमीपणा नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात ती नेहमीच चालते. परंतु उसने घेताना भांडे घेतले आणि आतले धान्य तिकडेच राहिले, असे तर झाले नाही ना, हे मात्र पाहिले पाहिजे.

'आर्ट्‌स' म्हणजे कला शाखा नव्हे

'लिबरल आर्ट्‌स' हा शब्द उच्चारताच मराठी माणसापुढे 'आर्ट्‌स साइड' उभी राहते. कमी गुणांच्या मुलांनी जिकडे जावे अशी ती शाखा, असा एक दुष्ट समज आपल्याकडे दोन-तीन पिढ्या टिकून आहे. मूळ कल्पना अगदी वेगळी होती. लॅटिन भाषेत 'लिबेर' म्हणजे मुक्त. जो गुलाम नाही, ज्याला नगराच्या कारभारात भाग घ्यायचा आहे, अशा मुक्त नागरिकाला आवश्यक त्या या विद्या. मध्ययुगीन युरोपात त्या सात मानल्या गेल्या: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या चार. म्हणजे सातांपैकी तीन तर उघडच गणिताच्या आणि विज्ञानाच्या अंगणातल्या. आपल्याकडे कला आणि विज्ञान यांच्यामध्ये जी भिंत बांधली गेली, ती या परंपरेत नव्हतीच.

आपली परंपरा निराळ्या वाटेने आली. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारले गेले. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, ही ती धाटणी. तिच्यातून मोठी माणसे निघाली, हे खरे. बी. ए. गणितात करून पुढे कायदा शिकलेले आणि गीतेवर भाष्य लिहिणारे लोकमान्य टिळक त्याच व्यवस्थेचे विद्यार्थी होते. परंतु पुढे संख्या वाढली, तसतसा परीक्षेचा भाग शिकवण्याच्या भागावर कुरघोडी करत गेला आणि पदवी म्हणजे प्रश्नपत्रिकांची बेरीज असा अर्थ रूढ झाला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्याला विशेष विषयाबरोबर सामान्य शिक्षणही मिळाले पाहिजे, असा आग्रह धरला होता. तो आग्रह दीर्घकाळ अहवालातच राहिला. त्यामुळे आज बहुविद्याशाखीयतेची जी दिशा धरली आहे ती चुकीची आहे, असे म्हणता येणार नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी धरलेली शाखा जन्मभर सुटू नये, ही जुनी व्यवस्था काही सुखाची नव्हती.

शतकाहून जुना वाद

पदवीसाठी काय सक्तीचे असावे आणि काय ऐच्छिक, हा प्रश्न अमेरिकेतही एका परिपत्रकाने सुटलेला नाही. त्यावर तेथे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. १८२८ साली येल महाविद्यालयाच्या अध्यापकांनी एक अहवाल लिहून ग्रीक, लॅटिन आणि गणित यांच्या सक्तीचे जोरदार समर्थन केले. विशिष्ट माहिती देण्यापेक्षा मनाला वळण लावणे हे महाविद्यालयाचे काम, असा त्यांचा मुद्दा होता. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी नेमकी उलटी दिशा धरली. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ संपुष्टात आणले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे इंग्रजी लेखनासारखा एखाद-दुसरा अभ्यासक्रम सोडला, तर विद्यार्थ्याला सारे रान मोकळे होते.

त्या मोकळ्या रानात काय घडले, हे आपल्या दृष्टीने बोधप्रद आहे. काही बुद्धिमान विद्यार्थ्यांनी त्या स्वातंत्र्याचे सोने केले. पुष्कळांनी मात्र सोपे, प्राथमिक आणि सोयीच्या वेळेचे अभ्यासक्रम वेचून पदवी पदरात पाडून घेतली. म्हणून एलियट यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी मध्यम मार्ग काढला. एका विषयाचा सखोल अभ्यास करायचा, आणि उरलेले विषय ज्ञानाच्या निरनिराळ्या विभागांतून घ्यायचे. आज जगभर ज्याला 'मेजर' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणतात, त्याची घडी अशी बसली. आपल्या अर्जावरील रकान्यांचे हे पूर्वज होत.

पण वाद तेथेही थांबला नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये कोलंबिया महाविद्यालयाने समकालीन संस्कृतीचा एक सक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. तो शंभर वर्षे उलटूनही चालू आहे, आणि वीस-बावीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत मूळ ग्रंथ वाचून, चर्चा करूनच शिकवला जातो. १९३७ मध्ये अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाने तर जवळजवळ सगळेच सक्तीचे करून चार वर्षे अभिजात ग्रंथांचे वाचन हीच पदवी ठरवली. दुसऱ्या टोकाला ब्राऊन विद्यापीठ आहे. तेथे १९६९ मध्ये, विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन केलेल्या अभ्यासातून, सर्वसाधारण सक्ती काढून टाकण्यात आली. आज तेथील पदवीस किमान तीस अभ्यासक्रम उत्तीर्ण होणे, एका विषयात विशेष अभ्यास करणे आणि लेखनाची पात्रता सिद्ध करणे एवढेच लागते.

सेंट जॉन्स आणि ब्राऊन यांच्या नियमांत दोन ध्रुवांचे अंतर आहे. तरीही दोन्हीकडे चांगले पदवीधर तयार होतात. याचा अर्थ गुण नुसत्या नियमांत नाही. या सर्व ठिकाणी समान असलेल्या गोष्टी नियमावलीत ठळकपणे दिसत नाहीत. वर्ग लहान असतात. विद्यार्थी सतत लिहितो आणि ते लेखन शिक्षक वाचून परत देतो. विषय निवडताना त्याच्याशी बोलणारा एक अध्यापक नेमलेला असतो. आणि अभ्यासक्रम काय असावा, हे त्या संस्थेचे अध्यापक आपसांत भांडून, मत देऊन ठरवतात. रकान्यांचा तक्ता एका रात्रीत नकलून घेता येतो. या चार गोष्टींची नक्कल करता येत नाही. त्यांसाठी माणसे आणि पैसा लागतो.

अर्थात, अमेरिकेचे चित्र रंगवताना तोल जाऊ नये. अशा महाविद्यालयांत तेथील विद्यार्थ्यांचा अगदी लहान भाग शिकतो. बहुसंख्य विद्यार्थी मोठ्या सरकारी विद्यापीठांत आणि सामुदायिक महाविद्यालयांत असतात. नामांकित खासगी महाविद्यालयांची वर्षाची फीच साठ हजार डॉलरांच्या पुढे गेली आहे, आणि पदवीबरोबर कर्जाचे ओझे घेऊन बाहेर पडणारे तरुण तेथे थोडे नाहीत. मुक्त नागरिकाची विद्या श्रीमंताचीच मिरास होऊ लागली, तर तिच्या नावातच विसंगती निर्माण होते. ही विसंगती अमेरिकेला सुटलेली नाही. आपण तीही उसनी घ्यावी असे नाही.

एक पदवी आणि एक माणूस

या व्यवस्थेचा महाराष्ट्राशी आणि गोव्याशी एक जुना धागा आहे. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ साली हार्वर्डमधून पदवीधर झाले, म्हणजे लोवेल यांच्याच काळात. विषय गणित, पण त्याबरोबर त्यांनी अनेक युरोपीय भाषाही आत्मसात केल्या. १९३३ पासून बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. याच माणसाने प्राचीन नाण्यांची वजने करून, त्या वजनांवर संख्याशास्त्राचे नियम लावून इतिहासाचे प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला. १९४४ मध्ये अनुवंशशास्त्रात त्यांनी मांडलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दृष्टी देणारा ग्रंथ लिहिला.

एखादी पदवी कोसंबी घडवते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. धर्मानंदांसारखा पिता आणि स्वतःची असामान्य बुद्धी ही कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही. परंतु गणिताच्या विद्यार्थ्याला भाषेच्या वर्गात बसण्यापासून रोखणारा नियम तेथे नव्हता, एवढे नक्की. आणि तेथील प्रत्येक विषय असा शिकवला जात होता, की त्यातून पुढे काही उभे करता यावे. दोन श्रेयांकांच्या ओळखीवर ती इमारत उभी राहिली नसती.

श्रेयांक म्हणजे वेळ

श्रेयांकाचा इतिहासही मनोरंजक आहे. ज्ञान मोजण्यासाठी तो जन्मला नाही. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरांचा निधी दिला. त्या निधीच्या विश्वस्तांपुढे प्रश्न आला, की कोणत्या संस्थेला खरे महाविद्यालय म्हणायचे? शाळेत अमुक इतके तास शिकून आलेल्यांनाच जी प्रवेश देते ती, असा एक निकष ठरला आणि तासांचे एकक रूढ झाले. पुढे तेच एकक महाविद्यालयात शिरले. म्हणजे श्रेयांकाचे मूळ निवृत्तिवेतनाच्या हिशेबात आहे. हिशेबनिसाची ही सोय आहे, आणि सोय म्हणून ती चांगलीच आहे. तिला शिक्षणाचे माप समजले, की घोटाळा सुरू होतो.

तो घोटाळा साध्या अंकगणितातून दिसतो. अमेरिकेत पदवीसाठी सामान्यतः आठ सत्रांत १२० श्रेयांक लागतात, म्हणजे सत्राला १५. एका श्रेयांकासाठी आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास वर्गाबाहेर, असा तेथील संकेत आहे. आठवड्याचे ४५ तास झाले. त्यांपैकी ३० तास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाचन-लेखनाचे. महाराष्ट्रात सत्राला साधारण २२ श्रेयांक आहेत. आपल्याकडे एका श्रेयांकामागे अभ्यासाचे एकूण ३० तास धरले जातात, आणि त्यांपैकी १५ तास वर्गातले. पंधरा आठवड्यांचे सत्र धरले, तर आठवड्याला ४४ तास भरतात. पण त्यांतील स्वतःच्या अभ्यासाचे २२ उरतात. बेरीज जवळपास तीच आहे, वाटणी निराळी आहे.

पुढे विषयांची संख्या पाहावी. तिकडे १५ श्रेयांक चार-पाच अभ्यासक्रमांत विभागलेले असतात. पाच धरले, तरी एका विषयाच्या वाट्याला आठवड्याला स्वतःच्या अभ्यासाचे सहा तास येतात. इकडे पहिल्या सत्रातच श्रेयांकांचे तुकडे सात-आठ प्रकारच्या विषयांत होतात, आणि त्यांतील बरेचसे दोन-दोन श्रेयांकांचे असतात. बावीस तासांना आठाने भागले, तर एका विषयाला पावणेतीन तास मिळतात. तेही प्रात्यक्षिकांचे दुप्पट तास, एस. टी.चा प्रवास आणि दुपारची नोकरी यांतून वाचले तर. पावणेतीन तासांत एखाद्या ग्रंथाचे एक प्रकरणही नीट वाचून होत नाही; पण त्या विषयाची मार्गदर्शिका मात्र पाठ होते. बहुविद्याशाखीय शिक्षणाची परिणती बहुगाइडशाखीय शिक्षणात झाली, तर दोष विद्यार्थ्याचा म्हणता येईल काय?

निवड कोणाची?

दुसरा प्रश्न निवडीचा आहे. ज्या मोठ्या शहरी महाविद्यालयात तीस विभाग आहेत, तेथे खुल्या विषयांची यादी खरोखर खुली असते. तालुक्याच्या ठिकाणी पाच-सहा विभाग, त्यांतही काही जागा रिक्त, आणि उरलेले काम तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांवर. अशा ठिकाणी विद्यार्थी विषय निवडत नाही; ज्या विषयाला शिक्षक आहे तो विषय विद्यार्थ्याला निवडतो. शिक्षकाची स्थितीही याहून बरी नाही. कार्यभार टिकावा म्हणून त्याला स्वतःच्या विषयापासून दूरचे दोन श्रेयांक अंगावर घ्यावे लागतात. तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्या आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची खात्री नसलेल्या अध्यापकाने विद्यार्थ्याच्या चार वर्षांच्या वाटचालीचे मार्गदर्शन करावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

घाईचे परिणाम देशाने पाहिलेले आहेत. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणि सर्वांना सक्तीचे अकरा पायाभूत अभ्यासक्रम आणले. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, ती योजना मागे घ्यावी लागली. २०२१ मध्ये नवे धोरण अमलात आणण्यात कर्नाटक अग्रेसर होते. त्याच राज्याने २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. प्रत्येक वेळी मधल्या मधल्या तुकड्यांची फरफट झाली. धोरण मागे घेता येते. एखाद्या तरुणाची एकोणिसाव्या-विसाव्या वर्षाची दोन वर्षे कोणालाही परत देता येत नाहीत.

याच संदर्भात मधूनच बाहेर पडण्याच्या सवलतीकडे पाहिले पाहिजे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मर्यादा. कागदावर ही योजना कनवाळू आहे. पूर्वी मध्येच शिक्षण सुटलेल्या मुलीच्या हातात काहीच नसे. आता निदान एक कागद असेल. परंतु घरच्या अडचणीमुळे जी मुलगी शिक्षण सोडते, ती दार उघडे आहे एवढ्यावरून परत येत नाही. परत येण्यासाठी शिष्यवृत्ती लागते, वसतिगृह लागते आणि 'तू अजून का आली नाहीस' असे पत्र लिहिणारे कोणीतरी महाविद्यालयात असावे लागते. बाहेर पडण्याचे दार रुंद आणि आत येण्याचे अरुंद राहिले, तर गळतीलाच प्रमाणपत्र दिल्यासारखे होईल.

अल्प, पण खरे

यावर उपाय धोरण गुंडाळून ठेवणे हा नव्हे. उपाय साधे आहेत, आणि त्यांतील काही विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांच्या हातातले आहेत. दोन श्रेयांकांचे तुकडे जोडून विषयांची संख्या कमी करता येईल. सत्राला पाच विषय असावेत. पण ते वाचून, लिहून, चर्चा करून शिकता यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी वाचन-लेखनाचा एक अभ्यासक्रम त्याच्या स्वतःच्या भाषेत, लहान तुकडीत मिळावा. ब्राऊनसारख्या विद्यापीठाने सारी सक्ती सोडली, तरी लेखनाची अट सोडली नाही, हे विसरू नये. विद्यार्थ्याशी बोलण्याचा, त्याला विषय निवडण्यास मदत करण्याचा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात मोजला जावा. जो वेळ मोजला जात नाही तो दिला जात नाही, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला ठाऊक आहे. शेजारच्या दोन-तीन लहान महाविद्यालयांनी विषय वाटून घ्यावेत, म्हणजे खुल्या यादीत खरोखर काही खुले राहील.

उरलेला उपाय मात्र शासनाच्याच हाती आहे. रिक्त जागा कायमस्वरूपी भरल्याशिवाय यांतले काहीही होणार नाही. शिक्षकाविना निवड म्हणजे उपाहारगृहाच्या भिंतीवर लटकणारी पदार्थांची लांबलचक पाटी. मागणी केली की कळते, आज फक्त भजी आहेत.

'क्रेडिट' या इंग्रजी शब्दासाठी मराठीने 'श्रेयांक' हा शब्द घडवला, तेव्हा नकळत एक मोठी जबाबदारी पत्करली. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असा भेद केलेला आहे. माणसापुढे दोन्ही येतात. विचारी माणूस त्यांतले श्रेय ओळखून घेतो. त्या कथेतील नचिकेताही विद्यार्थीच होता. पण त्याच्यासमोर प्रश्नाला प्रश्न विचारणारा, परीक्षा पाहणारा आणि अखेर उत्तर देणारा गुरू होता. आजचा विद्यार्थी खिडकीशी उभा आहे आणि विचारतो आहे, "यांतले कोणते घेऊ?" त्या प्रश्नाचे उत्तर देणारे माणूस त्याच्यासमोर बसवणे, हे पदवीच्या कोणत्याही आराखड्याचे पहिले कलम असले पाहिजे. ते कलम रिकामे ठेवून बाकीचे १२० श्रेयांक भरले, तर अंक तेवढे मिळतील. श्रेय मिळणार नाही.